जलवाहिन्यांचे जीर्णत्व व पेयजल

जलवाहिन्यांचे जीर्णत्व व पेयजल : शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी ग्राहकाच्या नळापर्यंत पोहोचेतो बिघडू शकते. या बिघाडात जीर्ण वाहिन्यांचा वाटा मोठा असतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली (महानगरपालिकांची स्थापना अनुक्रमे १९८२ व १९८३) या नगरांना प्रामुख्याने उल्हास व भातसा या नद्यांचे पाणी मिळते. उल्हासचे पाणी शहाड येथे, तर भातसाचे पिसे येथे उचलून टेमघरला शुद्ध केले जाते. कल्याण-डोंबिवलीसाठी बारावे, मोहिली व नेतिवली येथे शुद्धीकरण केंद्रे आहेत. औद्योगिक विकास महामंडळाच्या पुरवठ्याला बारवी धरणाचा आधार आहे.

जस्तलेपित पोलादी नळातील जस्ताचा थर झिजला की लोह उघडे पडते आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे गंजते. बिडाच्या नळांत गंजाच्या गाठी वाढून आतील व्यास अरुंद होतो व दाब घटतो. प्रवाह एकाएकी वाढला किंवा उलटला, की हा गाळ सुटतो. बंद ठेवलेला पुरवठा सुरू झाल्यावर प्रथम येणारे तांबूस पाणी हे त्याचेच लक्षण होय. बाहेरूनही नळ गंजतात. खाडीकाठच्या खारट, ओल्या जमिनीत हे क्षरण विशेष वेगाने होते.

तांबूस पाणी पाहून लोक घाबरतात. पण खरा धोका पुष्कळदा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात असतो. पुरवठा ठराविक तासांपुरता असेल, तर उरलेल्या वेळात वाहिनी रिकामी होते. तिच्यातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी झाला, की सांध्यांतून व चिरांतून भोवतालचे पाणी आत शोषले जाते. गल्लीच्या गटारातून किंवा त्याला लागून गेलेल्या घरजोडण्या या दृष्टीने सर्वांत घातक असतात. पावसाळ्यात भूजल वर आल्याने धोका आणखी वाढतो. वाहिनीला थेट पंप जोडणारे कुटुंब आपली टाकी भरून घेते खरे. परंतु त्या ओढीने शेजाऱ्यांच्या वाट्याला कमी आणि कधी कधी दूषित पाणी येते.

अशा प्रकारे शिरलेल्या मैल्यामुळे अतिसार, पटकी, विषमज्वर व कावीळ हे रोग पसरतात. यांपासून वाटेत संरक्षण देणारा अवशिष्ट क्लोरीन गंजाशी व नळाच्या आतील जीवाणूंच्या चिकट थराशी संयोग पावून खर्ची पडतो. त्यामुळे केंद्राजवळ पुरेसा असलेला क्लोरीन टोकाच्या वस्तीत नाममात्र उरतो. भारतीय मानकानुसार मुक्त अवशिष्ट क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिग्रॅ. असावा आणि १०० मिलि. पाण्यात ई. कोलाय जीवाणू मुळीच नसावेत. म्हणून नमुना केंद्रावर घेऊन भागत नाही. तो वाहिनीच्या शेवटच्या नळावर घ्यावा लागतो.

पाण्याचे रासायनिक स्वरूप बदलल्यानेही जुने नळ अपाय करू शकतात. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलताना क्षरणरोधक रसायन न वापरल्यामुळे शिशाच्या जोडण्यांतील शिसे पाण्यात उतरले.

जुन्या मोठ्या नळांना आतून सिमेंटचे अस्तर देणे आणि लहान नळांच्या जागी तन्य बिडाचे किंवा पॉलिएथिलिनाचे नळ घालणे हे मुख्य उपाय होत. मात्र रस्त्याखालची मुख्य वाहिनी बदलूनही इमारतीतील जुना नळ व न धुतलेली भूमिगत टाकी तशीच राहिली, तर सुधारणा टाकीपाशीच अडते.