कुर्ल्याच्या फियाट-पद्मिनी मोटारीचा कालनिर्णय

मोटारगाडी हा विषय या पृष्ठांवर पाहून दप्तरें व पोथ्या धुंडाळणाऱ्या वाचकांस किंचित् नवल वाटेल. परंतु जी वस्तु सुमारें पंचेचाळीस वर्षें मुंबईस घडत राहिली, जिचें नांव वारंवार बदललें व जिचे कागद आतां झपाट्यानें नाहींसे होत आहेत, तिचा कालनिर्णय करणें हें संशोधकाचेंच काम होय. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरील वडनेरसारख्या गांवीं कोणाच्या घरीं अशा मोटारीचें नोंदणीपुस्तक निघालें, तर त्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला होता. पण तेथें परदेशांतून आलेले भाग जोडण्याचेंच काम चाले. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली व कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं क्रायस्लर कंपनीच्या नमुन्याच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५३ सालीं जकात मंडळाच्या शिफारशीवरून, भाग देशांतच घडविण्याची योजना ज्यांच्यापाशीं असेल त्यांसच परवानगी द्यावी असें सरकारी धोरण ठरलें. तेव्हां शिवडीचा कारखाना बंद पडला. लहान मोटारींचा व्यवसाय मुख्यत्वें तीन कंपन्यांकडे राहिला. पैकीं दोघींनीं इंग्लंडची वाट धरली. हिंदुस्थान मोटर्सनें मॉरिस मायनर ही प्रसिद्ध इंग्रजी लहान मोटार 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें काढली व मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें पुढें ट्रायंफ हेरल्डचा नमुना घेतला. कुर्लेकरांनीं मात्र इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जोडला.

या मोटारीच्या नांवांचा क्रम असा. १९५४ सालीं 'फियाट ११००' ही गाडी 'मिलेचेंतो' या नांवानें निघाली. या इटालियन शब्दाचा अर्थ अकराशें एवढाच आहे. पुढें 'एलिगंट', 'सिलेक्ट' व 'सुपर सिलेक्ट' अशीं नांवें आलीं. या साऱ्या गाड्यांचा बांधा गोलसर असून लोकांनीं त्यांस 'डुक्कर फियाट' म्हटलें. १९६४ सालीं सरळ रेषांचा नवा बांधा आला, ती 'डिलाईट' होय. त्यानंतर फियाट हें नांव जाऊन थोडा काळ 'प्रेसिडेंट' व १९७४ पासून 'पद्मिनी' हें नांव चाललें. उत्पादन २००० सालाच्या सुमारास संपलें. याचा अर्थ असा कीं, डिलाईट, प्रेसिडेंट व पद्मिनी हीं तीन निरनिराळीं घराणीं नसून एकाच घराण्याच्या तीन पिढ्या आहेत. केवळ बांधा पाहून १९६४ नंतरच्या गाडीचें वर्ष सांगणें धोक्याचें आहे.

दुसरा धोका परदेशी ग्रंथांचा. फियाटनें हा नवा बांधा इटलींत १९६२ सालीं काढला तेव्हां त्यांत १२२१ घन सेंटिमीटरचें यंत्र घातलें. कुर्ल्याच्या गाडींत मात्र पूर्वींचेंच १०८९ घन सेंटिमीटरचें यंत्र राहिलें. पोथ्यांचे पाठभेद जाणणाऱ्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल: नकलकारानें नवी प्रत समोर ठेवून लिहावें, पण एका ठिकाणीं जुनाच पाठ कायम राखावा, तसें हें झालें. शिवाय इटलींतील ११०० ची परंपरा १९६९ सालीं संपली आणि कुर्ल्याची त्यापुढेंही सुमारें तीस वर्षें चालली. म्हणून इटालियन कोष्टकांवरून कुर्ल्याच्या गाडीचें वय ठरवूं नये.

तिसरी व मुख्य गोष्ट तारखांची. १९५९ सालीं मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम झाला. मागणी फार व उत्पादन थोडें, त्यामुळें ग्राहकांस नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. म्हणून एकाच मोटारीस तीन तारखा संभवतात: मागणी नोंदविल्याची, गाडी घडल्याची व सरकारी दप्तरांत नोंदल्याची. घरच्या आठवणींत बहुधा पहिली किंवा तिसरी राहते. उत्पादनाच्या इतिहासास हवी असते ती दुसरी. नोंदणीपुस्तकांत उत्पादनाचें वर्ष व नोंदणीचा दिनांक या नोंदी वेगळ्या असतात, त्या एक समजूं नयेत. मुंबईंत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरतांच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती रस्त्यावरून गेली. नोंदणीवरून तिला २००३ सालची म्हणणाऱ्यानें कारखान्याचें आयुष्य विनाकारण वाढविलें असें होईल.

वर्धा जिल्ह्यापुरती आणखी एक सूचना. हा जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्यप्रदेश राज्यांत होता. १ नोव्हेंबरपासून तो मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. तेव्हां १९५४ ते १९५६ या काळांत वर्ध्यास नोंदलेल्या मिलेचेंतोचे मूळ कागद मध्यप्रदेशच्या नांवचे असणार. त्यांवर 'मुंबई' दिसत नाहीं म्हणून ते बनावट किंवा परक्या गाडीचे ठरवूं नयेत. तसेंच 'एमएच ३२' हें वर्ध्याचें चिन्ह १९८९ नंतरच्या पद्धतींतील आहे, हेंही ध्यानांत असावें.

इंग्लंडांत गेडन येथील मोटार-संग्रहालयांत कारखान्यांच्या जुन्या वह्या जपलेल्या असून, गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांक कळविल्यास मॉरिससारख्या गाडीच्या घडणीची तारीख प्रमाणपत्रासह मिळते. आपल्याकडे हा भार मुख्यतः मालकाच्या घरच्या कागदांवर पडतो, आणि ते कागद तर गाडीबरोबरच जातात. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें गाडी मोडीत निघाल्यावर चौदा दिवसांच्या आंत कळवून नोंदणीपत्र कार्यालयाकडे पाठवावें लागतें. कायदा योग्यच आहे. परंतु त्यामुळें अस्सल साधन घरांतून कायमचें बाहेर पडतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, नोंदणीपत्र परत करण्यापूर्वीं त्याच्या प्रत्येक पृष्ठाची छायाप्रत घ्यावी. सांगाड्यावरील व यंत्रावरील क्रमांक स्वतः वाचून ते त्या प्रतीशीं ताडून पाहावे. आणि मागणीची पावती, खरेदीचें बिल व कंपनीची माहितीपुस्तिका एकत्र बांधून ठेवावीं. तिन्ही तारखा मिळाल्यास तिन्ही लिहाव्या, एकच मिळाल्यास ती कोणती तें स्पष्ट लिहावें. अशा शेंदोनशें नोंदी जमल्या तर सांगाड्याचे क्रमांक व वर्षें यांचें कोष्टक बांधतां येईल, व कुर्ल्याच्या मोटारीचा इतिहास ऐकीव गोष्टींवर न राहतां कागदावर उभा राहील.