बारीक माणसालाही डायबेटिस का होतो? शरीरातलं साखरेचं गणित समजून घ्या

ठाण्यातल्या कोलशेतला २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रल पार्क सुरू झालं. वीस एकरांवरची बाग. अशा कुठल्याही बागेत सकाळी चालायला येणाऱ्यांच्या गप्पा ऐका, दहा मिनिटांत 'शुगर' हा शब्द कानावर पडतोच. कुणाची उपाशीपोटी १४० आलीये, कुणाची गोळी बदललीये, कुणी कारल्याचा रस सुरू केलाय. आणि एक वाक्य तर ठरलेलं असतं, "मी तर बारीक आहे, मला कशाला होतंय डायबेटिस?"

हाच समज आपल्याकडे महागात पडतो. का, ते कळण्यासाठी आधी शरीर साखर कशी सांभाळतं ते बघू.

रक्तात साखर असते तरी किती?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते फक्त पाच ग्रॅम. म्हणजे जेमतेम एक चमचा!

आता दुपारचं ताट बघा. दोन पोळ्या आणि वरण-भात एवढ्यातूनच साठ-सत्तर ग्रॅम साखर तयार होते. रक्तात असते त्याच्या दहा पटीहून जास्त. तरीही निरोगी माणसाची शुगर जेवणानंतर साधारण १४० च्या आत राहते. हे काम करतं इन्सुलिन.

पोटामागे असलेल्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तातली साखर वाढली की ते बाहेर पडतं आणि स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. यकृताला सांगतं, जास्तीची साखर साठवून ठेवा.

रात्री उलटं चालतं. आपण झोपलेले असतो, पण मेंदूला साखर लागतेच. तेव्हा स्वादुपिंडातूनच ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक निघतं आणि यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं.

"रात्री काही गोड खाल्लं नाही, तरी सकाळी शुगर जास्त कशी?" याचं उत्तर इथे आहे. डायबेटिसमध्ये यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही आणि गरज नसताना साखर सोडत राहतं.

मग बिघडतं कुठे?

टाइप १ डायबेटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशी नष्ट करते. तिथे बाहेरून इन्सुलिन घेण्याला पर्याय नाही. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागण्याआधी अशी मुलं वाचत नसत.

आपल्याकडे बहुतेकांना असतो तो टाइप २. यात इन्सुलिन तयार होतं, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून वेळ मारून नेतं. काही वर्षांनी तेही थकतं आणि मग रिपोर्टमध्ये आकडा दिसतो.

पुण्याच्या डॉक्टरांचा तो फोटो

पण बारीक माणसाचं काय? याचं उत्तर पुण्यात सापडतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ, पण चरबी दुपटीहून जास्त!

याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथे बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, तर ब्रिटनमध्ये साडेतीन किलोच्या. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायूही कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे हा फरक जन्मापासूनच दिसतो.

साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंमध्ये. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असली, की इन्सुलिनचं काम अवघड होतं. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. कंबर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हायचं.

उपचार नेमकं काय करतात?

प्रत्येक औषध या साखळीतल्या वेगळ्या जागी काम करतं.

- मेटफॉर्मिन: यकृतातून सुटणारी साखर कमी करतं. बहुतेकांना पहिली गोळी हीच मिळते.
- ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या: स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण चुकलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते.
- एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या: जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढतात. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त पर्याय बाजारात आले.
- सेमाग्लुटाइड: भूक कमी करतं आणि साखर वाढली की इन्सुलिन वाढवतं.
- इन्सुलिन: शरीरात कमी पडतं ते बाहेरून देतात. त्याची सवय लागते किंवा ती 'शेवटची पायरी' असते, हे दोन्ही गैरसमज आहेत.

औषध चालू असताना घाम सुटला, हात थरथरले आणि शुगर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि चालणं? चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची शतपावली खरंच कामाची आहे. हलके वजन उचलण्यासारखे व्यायाम केले तर स्नायूही वाढतात.

तपासणी कधी करायची?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सुरुवातीला यातल्या अनेकांना काहीच त्रास होत नाही.

उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ पासून डायबेटिस. त्रास नसेल तर निदान पक्कं करायला चाचणी पुन्हा करतात.

आणखी एक चूक खूप जण करतात. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद! पण बहुतेकदा तो नॉर्मल आलेला असतो गोळीमुळेच. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. नाहीतर वाढलेली साखर डोळे, किडनी आणि पायांच्या नसांवर गुपचूप काम करत राहते.

तेव्हा तिशी ओलांडली असेल तर बारीक असा किंवा जाड, एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्या.