मंत्री न झालेला मिरासदार

1996 साली तमिळनाडूत एक नवा पक्ष निघाला आणि पहिल्याच निवडणुकीत, सायकल या चिन्हावर, त्याने विधानसभेच्या 39 आणि लोकसभेच्या 20 जागा जिंकल्या. तमिळ मानिल काँग्रेस हे त्याचं नाव. सिनेमाच्या ताऱ्यांनी गाजवलेल्या या राज्यात तो काढला होता एका शेतकऱ्याने, तंजावर जिल्ह्यातल्या कपिस्थलमचे मोठे मिरासदार गोविंदसामी करुप्पय्या मूपनार यांनी.

तिरुवैयारूहून कुंभकोणमकडे निघालं की कावेरीकाठच्या भातखाचरांत कपिस्थलम लागतं. इथल्या शेताचं नशीब दूरच्या मेट्टूर धरणाशी बांधलेलं असतं. धरणाचे दरवाजे 12 जूनला उघडायची प्रथा आहे. पाणी कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी येतं, फाटे फुटत फुटत खाचरात उतरतं. ते वेळेवर आलं तरच कुरुवैचं भातपीक साधतं. वरच्याने वाट दिल्याशिवाय खालच्याचं शेत भिजत नाही. चार जणांना सांभाळून घेण्याचे धडे अशा बांधावरच मिळत असावेत.

1931 साली जन्मलेले मूपनार कामराजांच्या तालमीत वाढले, प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले, 1989 मध्ये पापनाशममधून आमदार झाले. 1996 मध्ये दिल्लीने जयललितांशी युती लादली, तेव्हा बहुतेक सारी प्रदेश काँग्रेस मूपनारांच्या मागे बाहेर पडली. 1997 मध्ये तर पंतप्रधानपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं. पण हा माणूस कधी साधा मंत्रीही झाला नाही!

त्याहून नवल त्यांच्या तिरुवैयारूशी असलेल्या नात्याचं. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात संत त्यागराज इथे राहिले आणि 1847 मध्ये इथेच समाधिस्थ झाले. दर पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या पाच रागांतली त्यांचीच पंचरत्न कीर्तनं एका सुरात गातात. नामवंत आणि नवखे एकाच पंगतीत! हा उत्सव भरवणाऱ्या सभेचं अध्यक्षपद मूपनारांनी अनेक वर्षं सांभाळलं.

2001 मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला; 2014 मध्ये पुत्र जी. के. वासन यांनी तो पुन्हा उभा केला. मंत्रिपद न घेताही एका शेतकऱ्याला राज्याचं राजकारण फिरवता येतं, हे मूपनारांनी दाखवून दिलं. सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाने म्हणूनच कपिस्थलमचीही वाट जरूर धरावी.