संधिवात
सांध्यांमध्ये वेदना, सूज किंवा ताठरता निर्माण करणाऱ्या विकारांच्या गटाला संधिवात म्हणतात. बोलीत या सर्वांना सरसकट ‘वात’ म्हटले जाते. प्रत्यक्षात या गटात शंभराहून अधिक विकार मोडतात व त्यांची कारणे परस्परांहून अगदी भिन्न असतात. सांध्याचा कोणता भाग प्रथम बिघडला, यावर उपचाराची दिशा आणि निकड अवलंबून असते.

सांध्याची रचना

गुडघा हे याचे सोयीचे उदाहरण आहे. मांडीचे हाड, नडगी आणि गुडघ्याची वाटी यांचे पृष्ठभाग येथे एकत्र येतात. त्यांवर काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. सांध्याभोवती तंतुमय पिशवी असून तिच्या आतील पातळ आवरणातून वंगणासारखा द्रव स्रवतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः या द्रवातून होते व हालचालीमुळे ते सुलभ होते. कूर्चेत चेतातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी प्रारंभी दुखत नाही. वेदना जाणवेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असू शकते.

कारणे व परिणाम

वाढते वय, लठ्ठपणा, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता यांमुळे कूर्चा झिजते. हा झिजेचा संधिवात. खुरपणीसारख्या कामात वर्षानुवर्षे उकिडवे बसल्यानेही गुडघ्यांवर भार येतो. नारायणगाव-वारूळवाडी परिसरासारख्या भाजीपाल्याच्या पट्ट्यात हा मुद्दा गौण नाही.

आमवातात (ऱ्हुमॅटॉइड संधिवात) मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या आतील आवरणावर हल्ला करते. सुजलेले आवरण कूर्चा व हाड कुरतडते आणि बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तंबाखूच्या धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे आणि सकाळची ताठरता तासाहून अधिक टिकणे ही त्याची लक्षणे आहेत. झिजेच्या विकारात ही ताठरता बहुधा अर्ध्या तासात ओसरते.

युरिक आम्लाचे स्फटिक साचल्याने गाऊट होतो. जंतुसंसर्गाने एखादा सांधा अचानक सुजून ताप येणे ही तातडीची अवस्था होय. चिकुनगुन्या या विषाणुजन्य तापानंतरही सांधेदुखी महिनोन्‌महिने राहू शकते. 2006 च्या साथीत महाराष्ट्राने हे अनुभवले.

भिगवणचे सर्वेक्षण

ग्रामीण भागातील सांधेविकारांचे प्रमाण मोजणारा एक महत्त्वाचा अभ्यास पुणे जिल्ह्यातच झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली 1996 मध्ये इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे स्वयंसेवकांनी घरोघरी पाहणी केली. 4,092 प्रौढांपैकी 18.2 टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांच्या तक्रारी होत्या. झिजेचा संधिवात 5.8 टक्के, तर आमवात सुमारे 0.5 टक्के आढळला. दोनशेत एक हे प्रमाण किरकोळ वाटेल. पण तो रुग्ण वेळीच ओळखला गेला नाही, तर कामाच्या वयातच त्याचे हात निकामी होऊ शकतात.

उपचार

झिजेच्या विकारात वजन घटवणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम उपयुक्त ठरतात. फार झीज झाल्यास कृत्रिम सांधा बसवतात. आमवातात केवळ वेदनाशामके पुरत नाहीत. मेथोट्रेक्सेटसारखी रोगाची गती रोखणारी औषधे लवकर सुरू करावी लागतात. या विकारात हे औषध आठवड्यातून एकदाच, वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते. ते चुकून रोज घेतल्यास जीवघेणे ठरू शकते.