वडाळ्याचे फेअरबँक आणि मुंबईचे शंख-शिंपले

घोडेगावातून नेवाशाकडे निघालं की वडाळा बहिरोबा लागतं. एकोणिसाव्या शतकात इथे अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युअल फेअरबँक राहत. मिशनरी, पण पक्ष्यांचे आणि शंख-शिंपल्यांचे पक्के नादी! समुद्रापासून इतक्या लांबच्या या माणसाचं नाव शास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी १८६८ मध्ये मुंबईच्या एका चिमुकल्या गोगलगायीला दिलं: फेअरबँकिया बॉम्बेयाना. आपल्या नेवासे तालुक्याला याचा अभिमान वाटायला हवा.

अशी नवी जात जाहीर करताना ती ज्या नमुन्यावर बेतलेली असते, तो ‘टाइप’. तिसऱ्या, कालवं, शिनाणे अशा दोन शिंपांच्या जिवांत त्याची गरज फारच भासते, कारण रंग-आकार जागेगणिक बदलतात. मग शिंप उघडून बिजागरीचे दात आणि स्नायूंचे वण बघायचे, टाइपशी ताडायचे.

मुंबईनेही असे टाइप दिले: संग्राहक अबरक्रॉम्बी यांनी तिथे वेचलेल्या शंख-शिंपल्यांतून अभ्यासक मेल्विल यांनी १८९३ मध्ये २५ नव्या जाती मांडल्या. मेल्विल यांचा मोठा संग्रह आज वेल्समध्ये, कार्डिफच्या संग्रहालयात आहे. अशा संग्रहात नमुन्यासोबतची जागा-तारखेची चिठ्ठी हरवली की टाइप ओळखणं महाकठीण, म्हणून मला ती शिंपल्याइतकीच मोलाची वाटते. तुम्हीही कोकणात शिंपले वेचलेत, तर जागा आणि तारीख लगेच लिहून ठेवा.