एरिडिस क्रिस्पा

एरिडिस क्रिस्पा ही आमर कुलातील, म्हणजेच ऑर्किडेसी कुलातील, एक बहुवर्षायू वनस्पती आहे. ती प्रामुख्याने पश्चिम घाटातील डोंगराळ, दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर व शेवाळलेल्या कातळांवर वाढते. मराठीत अशा वनस्पतींना सरसकट ‘आमरी’ म्हणतात. झाडावर वाढत असली तरी ही वनस्पती परजीवी नाही; अनेकदा तिला बांडगूळ समजले जाते, ते चुकीचे आहे.

नाव

एरिडिस ही प्रजाती पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ जुआंव द लोरेरू यांनी १७९० मध्ये स्थापन केली. हवेशी संबंधित ग्रीक शब्दावरून आलेले हे नाव मुळे हवेत लोंबकळत ठेवून जगणाऱ्या वनस्पतीला शोभणारे आहे. ‘क्रिस्पा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ कुरळी किंवा चुणीदार. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८३३ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

वर्णन

खोड जाड व जांभळट असून त्याची वाढ टोकाकडेच होत राहते. पाने दोन रांगांत, चामड्यासारखी चिवट, साधारण वीतभर लांब आणि टोकाशी दुभंगलेली असतात. पानांच्या बगलेतून पानांहून लांब, बऱ्याचदा फाटे फुटलेला फुलोरा बाहेर पडतो. फुले साधारण ३ सेंमी रुंद, सुगंधी व पांढरट गुलाबी असतात. ओष्ठ म्हणजे खालची मोठी पाकळी. ती गडद गुलाबी-जांभळी असून तिच्या मधल्या भागाची कडा बारीक दातेरी, चुणीदार असते. तिच्या बुडाशी पोकळ शुंडिका असते. पहिल्या पावसाच्या सुमारास, मे ते जुलै या काळात, बहर येतो.

एरिडिस मॅक्युलोसा ही जवळची जात महाराष्ट्रात बरीच आढळते. तिचे वर्णनही लिंडली यांनीच १८४५ मध्ये केले. तिच्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके असतात. क्रिस्पाच्या पाकळ्यांवर ते नसतात. फुले नसताना मात्र या दोन जाती ओळखण्यात नवशिक्याची चूक होऊ शकते.

बांडगूळ का नव्हे

बांडगुळाची शोषक मुळे आश्रयदात्या झाडाच्या लाकडात शिरतात आणि त्यातील पाणी व क्षार ओढून घेतात. एरिडिसची मुळे सालीला केवळ घट्ट चिकटतात. आत शिरत नाहीत. अशा वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. ती झाडाकडून अन्न घेत नाही, जागा व उजेडापर्यंतची उंची एवढेच घेते. हीच वनस्पती उघड्या कातळावरही वाढते, हा त्याचा साधा पुरावा होय.

मग ती जगते कशावर? मुळांवर मृत कोशिकांचे स्पंजासारखे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस पडताच ते पाणी शोषून घेते आणि ते पाणी पुढे आतल्या जिवंत भागात जाते. कोरडे मूळ रुपेरी पांढरे दिसते. ओले झाले की आतील हरितद्रव्य दिसू लागून ते हिरवे होते. खनिजे पावसाच्या पाण्यातून, धुळीतून आणि फांदीवर साचलेल्या पालापाचोळ्यातून मिळतात. अशा जाड पानांच्या अनेक आमरी पर्णरंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही.

अधिवास

महाबळेश्वर, आंबोली, गोवा आणि तेथून दक्षिणेकडे केरळपर्यंतच्या घाटमाथ्यावर ही जात आढळते. महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी, जांभूळ व पिसा ही झाडे प्रमुख आहेत. तेथे वर्षाला ५,५०० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि छत्र सदाहरित असल्याने उन्हाळ्यातही फांद्यांवर सावली राहते.

केवळ उंची पुरेशी नसते, हे नंदुरबार जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजते. सातपुड्यातील तोरणमाळ हजार मीटरांहून उंच आहे. तथापि तेथील पाऊस घाटमाथ्याच्या मानाने पुष्कळ कमी आणि जंगल साग-सालईसारख्या झाडांचे, पानझडी आहे. फाल्गुन-चैत्रात पाने गळाली की फांद्या उन्हात उघड्या पडतात. एरिडिस क्रिस्पाला लागणारे सदाहरित छत्र तेथे नाही. अशा कोरड्या जंगलांत तग धरणारी आमर म्हणजे व्हँडा टेसेलाटा. तिला रास्ना म्हणतात. मात्र आयुर्वेदात हे नाव इतर वनस्पतींनाही लावले जाते, याचे भान ठेवावे.

पुनरुत्पादन

आमरीच्या एका फळात हजारो बिया असतात, परंतु त्या धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. योग्य कवकाची सोबत मिळाली तरच बी रुजते. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये कवकाची ही भूमिका ओळखली. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी कवकाशिवाय, साखरयुक्त माध्यमावर बिया रुजवून दाखवल्या. प्रयोगशाळेत आमरी वाढवण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. निसर्गात मात्र बी रुजण्यापासून पहिल्या फुलापर्यंत कित्येक वर्षे जातात.

अभ्यास व संरक्षण

मुंबई इलाख्यातील आमरींवर जी. ए. गॅमी यांची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून प्रसिद्ध झाली. फादर एच. सांतापाव व झेड. कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ चा आहे.

जुन्या, खडबडीत सालीच्या झाडांवर आमरींना चांगला आधार मिळतो. असे एक झाड तुटले तर त्यावरील सर्व रोपे एकदमच जातात, आणि नव्याने लावलेले झाड त्यांना आधार देण्याजोगे होण्यास दशके लागतात. देवरायांमधील जुनी झाडे या दृष्टीने मोलाची आहेत. शोभेसाठी रोपे उपटून नेणे हा दुसरा धोका. उपटताना मुळे तुटतात आणि सखल, कोरड्या गावात नेलेले रोप सहसा फार काळ टिकत नाही. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत संपूर्ण आमर कुल समाविष्ट असून बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत; त्यामुळे परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. बागेतील झाड ‘स्वच्छ’ करताना बांडगुळाबरोबर आमरीही काढून टाकली जाते. दोहोंतील फरक मुळे पाहून ओळखता येतो: बांडगुळाच्या जोडाशी फांदी गाठीसारखी फुगते, तर आमरीची जाड पांढरी मुळे सालीवरून नुसती पसरलेली दिसतात.