दोन मतं आणि आठ आउट

तीस पत्रकार, तीस मतपत्रिका. २०२५च्या हंगामात अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू कोण, असं बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेनं आपल्या सदस्यांना विचारलं आणि निकाल लागला ३५५ विरुद्ध ३३५. न्यूयॉर्क यांकीजचा आरन जज जिंकला, सिएटल मरिनर्सचा कॅल रॅली मागे राहिला. वीस गुणांचा फरक, म्हणजे तसा बरा फरक वाटतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की गंमत सुरू होते.

मतपत्रिकेवर दहा नावं लिहायची असतात. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ आणि मग एकेक कमी होत दहाव्याला १. जजला पहिल्या क्रमांकाची १७ मतं पडली, रॅलीला १३. आता १७ गुणिले १४ म्हणजे २३८. त्यात १३ गुणिले ९, म्हणजे ११७ मिळवा. बरोब्बर ३५५! याचा अर्थ, ज्या तेरा जणांनी रॅलीला वर ठेवलं त्यातल्या प्रत्येकानं जजला लगेच खाली ठेवलं. रॅलीचा हिशेब केला तरी तेच निघतं. तीसपैकी एकाही पत्रकारानं या दोघांच्या मध्ये तिसऱ्या कुणाला शिरू दिलं नाही. आणि जजच्या बाजूच्या फक्त दोघांनी ही दोन नावं उलट्या क्रमानं लिहिली असती, तर दोघंही ३४५वर येऊन थांबले असते.

इतकी अटीतटी होण्यासारखं दोघांनी केलं तरी काय होतं? जजनं ५३ होमरन मारले आणि शिवाय .३३१ची सरासरी राखली. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मारणारा फलंदाज उत्तम मानतात. प्रचंड ताकदीनं बॅट फिरवणाऱ्यांचे फटके हुकतातही फार, त्यामुळे होमरन आणि सरासरी ही दोन्ही सुखं सहसा एका घरी नांदत नाहीत. जजकडे ती नांदली.

रॅलीची सरासरी जेमतेम .२४७. पण होमरन ६०! अमेरिकन लीगच्या सव्वाशे वर्षांत त्याच्याआधी साठी गाठणारे तिघंच होते: १९२७ साली बेब रूथ, १९६१ साली रॉजर मॅरिस आणि २०२२ साली खुद्द जज. त्यातही रॅली कॅचर आहे, आणि माझं मन त्याच्याकडे झुकतं ते इथेच. कॅचरचं काम म्हणजे आपल्या विकेटकीपरचं काम, पण दर चेंडूला उकिडवं बसून, छातीवर चिलखत आणि तोंडावर जाळी चढवून, ताशी दीडशे किलोमीटरनं येणारा चेंडू झेलायचा. एका सामन्यात असं साधारण दीडशे वेळा. गुडघे आणि बोटं आधी जातात, म्हणून कॅचरकडून मोठ्या फलंदाजीची अपेक्षाच कुणी ठेवत नाही. याआधी कॅचरनं एका हंगामात मारलेल्या होमरनचा विक्रम होता ४८. रॅलीनं तो नुसता मोडला नाही, बाराच्या फरकानं मागे टाकला.

कॅचरची एक कला तर टीव्हीवर दिसूनही दिसत नाही. स्ट्राइक झोन ही होमप्लेटवरची एक काल्पनिक चौकट. चेंडू त्या चौकटीतून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), हे कॅचरच्या डोक्यावरून वाकून पाहणारा अंपायर ठरवतो. चेंडू कडेवर आला की चांगला कॅचर ग्लोव्ह स्थिर धरून बसत नाही. तो मनगट आधी खाली नेतो आणि चेंडू झेलता झेलताच, एकाच ओघात, दोन-चार इंच वर किंवा आत आणतो. झेलून मग ग्लोव्ह सरकवला तर अंपायर ओळखतो. झेलतानाच सरकवला तर बॉलचा स्ट्राइक होतो. याला फ्रेमिंग म्हणतात. एकेका चेंडूला त्याची किंमत नगण्य, पण हंगामभरात त्याचे दोन-तीन सामने होतात. खेळाडूनं संघाला किती जादा विजय मिळवून दिले, हे मोजणाऱ्या दोन प्रसिद्ध पद्धती आहेत. एक फ्रेमिंग मोजते, दुसरी मोजत नाही. जज दोन्हींत पुढे होता. पण फ्रेमिंग धरलं की रॅली त्याच्या बराच जवळ येतो. (२०२६पासून अंपायरच्या निर्णयाविरुद्ध कॅमेऱ्याकडे दाद मागायची सोय आली आहे. या हातचलाखीचं पुढे काय होतं, ते बघण्यासारखं असेल.)

आता आणखी एक चक्रावणारी गोष्ट. ही मतं प्लेऑफ सुरू होण्याआधीच द्यावी लागतात. निकाल जाहीर होतो नोव्हेंबरात, पण ऑक्टोबरात काय घडलं याला त्यात स्थान नाही. १७ ऑक्टोबर २०२५ला डॉजर्सच्या शोहेई ओतानीनं एकाच सामन्यात पिचर म्हणून दहा फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि फलंदाज म्हणून तीन होमरन मारले. दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगचा हाच पुरस्कार त्यालाच एकमतानं मिळाला. पण त्या रात्रीचा एकही गुण त्यात नव्हता.

मला ही पद्धत पटते. कारण बेसबॉलचा नियमित हंगाम आणि प्लेऑफ हे जवळपास दोन वेगळे खेळ आहेत. मार्चअखेर ते सप्टेंबर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज. एवढ्या पसाऱ्यात नशिबाचे चढउतार बरेचसे झिजून जातात आणि उरतो तो बऱ्यापैकी खरा दर्जा. तरीही उत्तम संघ शंभरातले साठ जिंकतो आणि भिकार संघसुद्धा चाळीस जिंकून जातो. प्लेऑफमध्ये मात्र आधी तीन सामन्यांची, मग पाचांची आणि नंतर सातांच्या दोन मालिका. समजा, तुमचा संघ समोरच्यापेक्षा सरस आहे आणि दर सामन्यात जिंकायची शक्यता ५५ टक्के आहे. पाचांची मालिका तो जिंकेल ५९ टक्के वेळा, सातांची ६१ टक्के. पहिल्या फेरीतून सूट मिळाली असं धरलं तरी तिन्ही मालिका ओळीनं जिंकायची शक्यता येते जेमतेम २२ टक्के. म्हणजे सरस असूनही पाचातले चार हंगाम रिकाम्या हातानं घरी! २०२५मध्ये सर्वाधिक ९७ सामने जिंकले मिल्वॉकी ब्रुअर्सनी, आणि डॉजर्सनी त्यांना सलग चार सामन्यांत गुंडाळलं.

तीसपैकी बारा संघ प्लेऑफमध्ये जातात. प्रत्येक लीगमधून तीन गटविजेते आणि तीन वाइल्ड कार्डवाले. त्यामुळे सप्टेंबर संपेपर्यंत आशा कुणी सोडत नाही, आणि सोडूही नये. २०२५मध्ये क्लीव्हलँड गार्डियन्स जुलैच्या सुरुवातीला डेट्रॉइट टायगर्सच्या साडेपंधरा सामने मागे होते. गटात एवढी पिछाडी भरून कुणीच काढली नव्हती. गार्डियन्सनी काढली आणि गट जिंकला. टायगर्स वाइल्ड कार्डमधून कसेबसे आत आले आणि पहिल्याच फेरीत त्यांनी त्याच गार्डियन्सना घरी पाठवलं.

न्यूयॉर्क मेट्सचं उलटं झालं. हुआन सोटोशी त्यांनी पंधरा वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला होता. जूनच्या मध्याला सगळ्या लीगमध्ये तेच अव्वल होते. शेवटच्या दिवशी फक्त जिंकायचं होतं, कारण प्रतिस्पर्धी सिनसिनाटी रेड्स त्या दिवशी हरले. मेट्सही हरले. दोघांचेही ८३ विजय. आपसातल्या सामन्यांत रेड्स सरस, म्हणून रेड्स आत.

आणि पॉल स्कीन्स? पिट्सबर्ग पायरेट्सचा हा तरुण पिचर नऊ इनिंगमागे सरासरी दोनपेक्षाही कमी धावा देत होता: १.९७. तीसही मतं त्याला पडली, सर्वोत्तम पिचरला मिळणारा नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार एकमतानं मिळाला. त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभवही दहा, कारण त्याचा संघ त्याच्यासाठी धावाच करत नव्हता. पायरेट्स गटात तळाला राहिले. पूर्वी साय यंग देताना पिचरचे विजय मोजत, आणि संघाच्या नालायकीची शिक्षा पिचरला होई. ती खोड मोडली हे फार बरं झालं.

सिएटलकडे परत येऊ. २४ सप्टेंबरच्या रात्री रॅलीनं ५९वा आणि ६०वा होमरन मारला आणि त्याच रात्री मरिनर्सनी २००१नंतर प्रथमच आपला गट जिंकला. पुढे टायगर्सविरुद्धचा निर्णायक पाचवा सामना पंधरा इनिंग चालला. होर्हे पोलँकोच्या फटक्यावर सिएटल ३-२नं जिंकलं. मग टोरांटोशी सात सामन्यांची मालिका ३-३ अशी बरोबरीत आली. सातव्या सामन्यात रॅलीचाच एक होमरन, आणि सातव्या इनिंगमध्ये सिएटल ३-१नं पुढे. एक आउट झाला होता, आणखी आठ हवे होते. दोन धावपटू बेसवर होते. टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरनं चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत धाडला. तीन धावा. ४-३, खेळ खलास.

माझं मत विचाराल तर मी रॅलीचं नाव वर लिहिलं असतं. आकडे जजचे मोठे आहेत, हे मान्य. पण जजसारखा हंगाम जजनं आधीही दिला आहे. साठ होमरन मारणारा कॅचर कधी झालाच नव्हता. आणि तुमचं कुणी सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूकडे नोकरीला असेल, तर पुढच्या सप्टेंबरात त्याला मरिनर्सबद्दल विचाराच. ऑक्टोबरातले सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात. चहा घेऊन बसायला बरी वेळ आहे. २०२५ संपलं तेव्हा तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, एकदाही न खेळलेला संघ एकच उरला होता, सिएटल.